भरमा वस्तादाची जागा

सदतीस सालच्या जानेवारीत अनगोळची टीम पहिल्यांदाच शिल्डच्या फायनलला पोचली, आणि तिथं बेळगावच्या कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांनी तिला चार गोलांनी लोळवली. निम्मं गाव चालत मैदानावर गेलं होतं. बायका भाकऱ्या बांधून आल्या होत्या, तालमीतली पोरं हलगी घेऊन आली होती. दोन गोल झाले तेव्हा हलगी थांबली. तिसरा झाला तेव्हा लोकांनी गोऱ्यांना शिव्या द्यायचं सोडून आपल्याच टीमला द्यायला सुरुवात केली. चौथा झाला आणि मष्णू उभा राहिला.

मष्णूचा आवाज साऱ्या गावाला माहीत. पेरणीच्या दिवसांत तो बैलांना हाळी द्यायचा तेव्हा दोन शेतं पलीकडचे बैलही थबकायचे. मॅचच्या दिवशी तो लाइनीच्या कडेला उभा राहायचा, आणि त्यानं एक आरोळी दिली की मागचे दोनशे लोक तीच उचलायचे. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ गप्प बसून होता. त्याचा धाकटा भाऊ शामू त्याच्या शेजारी गवतावर बसला होता, खेळणाऱ्यांचे सदरे मांडीवर घेऊन. तीन वर्षं डावीकडनं फॉरवर्ड खेळणारा शामू, आदल्या मॅचमध्ये दोन गोल घालणारा शामू. वस्तादानं सकाळी नावं वाचली त्यात त्याचं नाव नव्हतं. त्याच्या जागी खानापूरकडचा रवळू नावाचा नवा पोरगा घेतला होता, आणि तो अनवाणी पोरगा गोऱ्यांचे बूट जवळ आले की अंग चोरत होता.

"साहेबाचा माणूस!" मष्णू ओरडला. "पेन्शनीसाठी मॅच सोडली रं! पेन्शनीसाठी सोडली!"

ते वाक्य त्यानं ठरवून काढलं नव्हतं. घशात आलं आणि बाहेर पडलं. पण मागच्या लोकांनी ते झेललं आणि मॅच संपेपर्यंत खाली पडू दिलं नाही.

वस्ताद म्हणजे भरमा हवालदार. अनगोळला तालमीतले वस्ताद तेवढे माहीत, म्हणून फुटबॉल शिकवणाराही वस्तादच झाला. पलटणीत असताना बसऱ्याच्या छावणीत तो खेळ शिकला होता. पेन्शनीवर गावी आला तेव्हा ट्रंकेत एक कातडी बॉल घेऊन आला आणि सुगी झालेल्या रानात त्यानं पोरांना अकरा वर्षं शिकवलं. खाकी कोट घालून, हात पाठीमागं बांधून तो लाइनीवर उभा होता. आरडाओरडा ऐकूनही त्यानं मान वळवली नाही. पण झाडाखाली बायकांत बसलेली त्याची बायको यशोदाबाई उठून उभी राहिली, आणि एवढ्या गर्दीतून तिनं नेमका मष्णूचा चेहरा शोधून काढला.

बुधवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात क्लबची बैठक झाली. क्लबचे सेक्रेटरी शरदराव वकील. राहायला शहरात, शेती अनगोळला. बैठक उरकून ते पायरीवर आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "भरमा हवालदारांना क्लबच्या कामातून मोकळं केलेलं आहे. लोकांच्या भावनेचा आम्ही मान राखला."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मष्णूनंही मारली. घरी जाऊन तो पोटभर जेवला, आणि सकाळी उठला तो आदल्या दिवसापेक्षा जास्त रागात. राग कशाचा, ते त्याला उमगेना. म्हणून तो भावकूच्या हाटेलात गेला.

भावकूचं हाटेल म्हणजे वेशीजवळची एक पत्र्याची पडवी, दोन बाकडी आणि चुलीवरचं काळं किटलं. तिथं आधीच आठ-दहा जण जमून हमरीतुमरीवर आले होते. वस्ताद गेला होता, आता त्याच्या जागी कोण, यावर कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं.

"कॅम्पातला बँडवाला पिंटो आना," तालमीतला एक दाढीवाला गडी म्हणत होता. "गोव्याचा हाय. त्यो बॉल आसा फिरवतोय, बगत ऱ्हावं."

"त्येला मराठी येतंय व्हय?" भावकूनं चुलीपासनं विचारलं.

"पायाला कुटली भाषा लागती रं?"

"शिव्या द्याया लागती की! पोरगं चुकलं तर काय पिपाणी वाजवून सांगणार हाय?"

लोक हसले, पण दाढीवाला हसला नाही. तो उठून भावकूच्या अंगावर गेला, तेव्हा दोघांना धरावं लागलं. मग कुणीतरी शाळेतल्या ड्रिलच्या गोपाळ मास्तरांचं नाव काढलं. त्यांच्याकडं फुटबॉलचं इंग्रजी पुस्तक होतं, असं शरदराव वकील म्हणाले होते.

"पुस्तक बगून म्हैस तरी पिळता येती का?" मष्णू पहिल्यांदा बोलला. "मारुतीरावाला आना. आपल्या टीमचा पयला कॅप्टन. निपाणीला तंबाखूच्या वखारीत हाय न्हवं? आयतवारच्या आयतवारी येईल."

यावर बरेच जण व्हय म्हणाले. एवढ्यात कोपऱ्यात बसलेला म्हातारा कुंभार कपातला चहा बशीत ओतत हळूच बोलला, "आकरा वर्सं त्यो मानूस उन्हात हुबा ऱ्हायला. तुमी त्येला एका सांजंला घालवला."

"मंग चार गोल खाल्लं त्येचं काय?" मष्णू त्याच्यावर उसळला.

"गोल पोरांनी खाल्लं."

"पोरं कुनी निवडली?"

"चुकलं आसंल त्येचं. पर सोडली म्हनालास तू. त्ये काय तू डोळ्यांनी बघितलंस?"

मष्णूनं बाकड्यावर हात आपटला. कप उडाला, चहा म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडला. धोतर झटकून म्हातारा उन्हात निघून गेला. "जाऊ दे त्येला," दाढीवाला म्हणाला. "तू निपाणीला जा. तूच आण मारुतीरावाला."

शनिवारी मष्णू सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेला. वखारीत पाऊल टाकल्याबरोबर तंबाखूच्या खाटानं त्याला सात-आठ शिंका आल्या. डोळे पुसत तो उभा राहिला तो समोर मारुतीराव, पोट सुटलेला, मुकादमाचा फेटा बांधलेला. त्यानं मष्णूला गळामिठी मारली आणि पानं निवडणाऱ्या बायांना मोठ्यानं सांगितलं, "ह्यो आमच्या गावचा! ह्येच्या आरोळीवर म्या गोल घातलेत!"

मष्णूनं येण्याचं कारण सांगितलं. मारुतीरावानं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याचा हात मष्णूच्या खांद्यावरनं निघाला.

"वस्तादाला काढला? कशापायी?"

"मॅच सोडली म्हनून."

"कोन म्हनतंय?"

"लोक म्हनत्यात."

"लोक म्हंजे कोन? पयलं कोन बोललं?"

मष्णू तंबाखूच्या गठ्ठ्यांकडं बघत राहिला. "आता दोनशे लोकांत पयलं कोन आन् दुसरं कोन, काय सांगावं?"

"माजा पाय मोडला हुता त्या साली," मारुतीराव म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढला की बायांनी पानं निवडायची थांबवली. "माज्या बापानं सांगितलं, पडू दे हितंच, खेळाय कुनी सांगितलं हुतं? वस्तादानं मला पाटीवर घिऊन कॅम्पातल्या डाक्टरकडं नेला. चालत! आन् मी त्येच्या जागंवर येऊन बसू? थुंकतील लोक माज्यावर. मीच थुंकीन. नीघ हितनं. आन् त्यो पयला बोलणारा घावला, तर त्येला माज्याकडं धाड."

परतीच्या मोटारीत मष्णू मागच्या बाकावर बसला. शेजारच्या माणसानं कुठं गेलतासा म्हणून विचारलं, तर याच्या तोंडून शिवी निघाली. त्या माणसानं जागा बदलली. हत्तरगीच्या चढाला मोटार तापली म्हणून सगळे उतरले. मष्णू रस्त्याच्या कडेला उभा राहून स्वतःशीच भांडत होता. लोक म्हणत्यात, असं आपण का म्हणालो? म्या म्हनालो, असं का नाही सांगितलं? मग त्याला शामूची मांडी आठवली, तिच्यावरचे सदरे आठवले, आणि राग पुन्हा वस्तादाकडं वळला. तिकडं तो सोयीनं बसत होता.

मारुतीराव येत नाही आणि पिंटोचं नाव शरदरावांना नको, म्हणून गोपाळ मास्तर आले. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, काखेत पुस्तक. पहिल्या आठवड्यात त्यांनी पोरांना ओळीत उभं करून लेफ्ट-राइट करायला लावलं. दुसऱ्या आठवड्यात पुस्तकातली टिंबं बघून चुन्याची टिंबं रानात काढली आणि प्रत्येकानं आपापल्या टिंबावर उभं राहायचं असं ठरलं.

"अण्णा," शामू एका संध्याकाळी म्हणाला, "काल सांजच्याला म्या बॉलला चारदा पाय लावला. मोजून चारदा."

"गप. नवीन हाय. बसंल घडी."

"वस्ताद आसता तर..."

"त्येनंच तुला बसीवला न्हवं? त्येचं नाव काडू नगंस माज्याम्होरं!"

शामू ताटावरनं उठला. तेवीस वर्षांचा बाप्या, पण रागावला की लहानपणी करायचा तसंच करायचा, पाणी न पिता बाहेर जायचा.

मार्च लागला आणि एका सकाळी भावकूच्या हाटेलात बातमी आली. खासबागच्या विणकरांनी नवी टीम उभी केली होती, आणि तिला शिकवायला भरमा हवालदार रोज संध्याकाळी जात होता. येत्या रविवारी त्या टीमची पहिली मॅच, अनगोळशी, अनगोळच्याच रानात.

हाटेलात जणू आग लागली. ज्यांनी त्याला हाकला म्हणून शिट्ट्या मारल्या होत्या तेच आता तो गेला म्हणून दात-ओठ खात होते. "फितूर!" दाढीवाला ओरडत होता. "आपलं सगळं डाव ठावं हाईत त्येला. आपल्या पोरांची कच्ची बाजू ठावी हाय. गावचं अन्न खाऊन खासबागला शिकिवतोय!"

"आयतवारी येऊ दे रानात," भावकू म्हणाला. "दावू."

मष्णू उठला. "आयतवार कशाला? म्या आताच जातो त्येच्या दारात."

भरमा हवालदाराचं घर खालच्या गल्लीत होतं. यशोदाबाई अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मष्णूला बघून तिनं हात थांबवला नाही.

"वस्ताद हाईत काय, आक्का?"

"हितं वस्ताद कोन न्हाय. पेन्शन खानारा एक हवालदार हाय. त्येच्याकडं काम आसंल तर थांब."

भरमा आतनं बाहेर आला. कोट नव्हता अंगात, नुसती बंडी. एवढा बारीक माणूस आपण अकरा वर्षं उंच कसा समजत होतो, याचं मष्णूला नवल वाटलं.

"बोल मष्ण्या. मैदानावर बोलतोस तसं बोल. गल्लीला आयकू जाऊ दे."

"तुमी खासबागला गेलासा."

"गेलो."

"गाव सोडून?"

"गावानं मला सोडला त्येला दीड म्हैना झाला. दीड म्हैना ह्या अंगणात गावचा एक माणूस आला न्हाय. आज तू आलास, त्ये भांडाय."

"शाम्याला का बसीवला?" मष्णूचा आवाज फुटला. खरं म्हणजे हेच त्याला पहिल्या दिवसापासनं विचारायचं होतं. "तीन वर्सं खेळला त्यो. दोन गोल घातलेला गडी. त्येला कापडं राखाय बसीवला तुमी, आक्ख्या बेळगावाम्होरं!"

"चुकलो," भरमा म्हणाला.

मष्णूनं पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ते तोंडातच राहिलं.

"गेल्या साली शाम्यानं त्या गोऱ्या सार्जंटाला छातीवर हात टेकून ढकलला हुता, आटवतंय? त्या दिशी म्या साहेबाकडं जाऊन हात जोडलं, म्हनून पोरगं चौकीवर गेलं न्हाय. फायनलला त्योच सार्जंट म्होरं हुता. म्या भ्यालो. शाम्याला धरून नेतील म्हनून भ्यालो, का माजी पेन्शन बंद हुईल म्हनून भ्यालो, ते मला आजूनबी धड सांगता येत न्हाय. हाफ टाइमालाच कळलं चुकलो म्हनून. पर तवा काय करणार? मॅच चालू झाल्यावर गडी बदलता येत न्हाय. रवळूला बाहीर काडला तर धा जणं ऱ्हातील."

"मंग हे लोकांस्नी का सांगितलं न्हाईसा?"

"कुनी इचारलं?"

यशोदाबाईनं खुडलेली मिरची टोपलीत टाकली. "परवा बाजारात भाजीवाली मला म्हनली, हवालदारीनबाई, तुमाला काय कमी, साहेब पोसतोय. चारचौघांत म्हनली. तुजा शब्द हाय त्यो, मष्णू. म्या तुला बोलताना बघितलंय."

"चुकला म्हनून काडला आसतासा, तर म्या गप घरी बसलो आसतो," भरमा म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता, मानेची शीर तटतटली होती. "पर मॅच सोडली म्हनालास तू! बसऱ्यात गोळी खाल्ली तवा पाठ दावली न्हाय म्या, आन् आनगोळची मॅच सोडली म्हनालास! खासबागची पोरं आली. मॅच का गेली त्ये त्येंनी इचारलं न्हाय. शिकिवनार का, म्हनली. शिकिवतो म्हनालो. जा आता. आयतवारी गाठ पडंल."

मष्णू चालता झाला. गल्लीच्या टोकापर्यंत तो एवढ्या वेगानं गेला की वाटेत एक कोंबडं त्याच्या पायाखाली यायचं राहिलं. त्याला भांडायला माणूस हवा होता आणि त्या माणसानं चुकलो म्हणून टाकलं होतं. आता राग टाकायचा कुठं? घरी येऊन त्यानं बैलांच्या दावणीत वैरण टाकली, आणि एक बैल उगीच शिंग हलवतोय म्हणून त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग त्या बैलाच्याच पाठीवर कपाळ टेकून बराच वेळ उभा राहिला.

रविवारी रान माणसांनी भरलं. खासबागहून विणकरांचा जथा आला होता. त्यांनी पोरांना एकाच रंगाचे सदरे घातले होते, घरी विणलेल्या कापडाचे. भरमा हवालदार खाकी कोटात, हात पाठीमागं बांधून त्यांच्या बाजूच्या लाइनीवर उभा राहिला. तो दिसताच अनगोळच्या बाजूनं हुर्यो उठली.

"दे की आरोळी!" दाढीवाल्यानं मष्णूला कोपर मारलं. "आज घसा बसला काय?"

मष्णूनं त्याचं कोपर बाजूला सारलं.

खेळ सुरू झाला तसं गोपाळ मास्तरांच्या टिंबांचं भजं झालं. खासबागची पोरं नवखी होती, पण बॉल धरून न ठेवता कुणाला तरी द्यायचा असतो हे दोन आठवड्यांत कुणीतरी त्यांच्या हाडात मुरवलं होतं. अनगोळची पोरं टिंबावर जावं की बॉलवर जावं या घोळात धडकत होती. हाफ टाइमाला गोल कुणाचाच नव्हता. अनगोळच्या लोकांना तो हरण्यासारखाच वाटला, आणि त्यांच्या शिव्या रानभर वाजायला लागल्या. निम्म्या गोपाळ मास्तरांना, निम्म्या भरमाला. मास्तर पुस्तक काखेत घट्ट धरून उभे होते.

दुसऱ्या हाफात शामूनं टिंब सोडलं. मास्तरांनी शिट्टी मारली तरी तो थांबला नाही. डावीकडनं बॉल घेऊन तो आत शिरला, एकाला डाव्या खांद्यानं हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या दोन पायांतनं बॉल काढला आणि खालून, जमिनीलगत, गोलीच्या उजव्या हाताला मारला. रान उसळलं. मष्णूच्या घशातनं आपोआप आरोळी निघाली, त्या दिवसाची पहिलीच, आणि आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण मागच्या लोकांना गोल पुरला नाही. आता जोर आला होता. "फितूर!" कुणीतरी ओरडलं. "साहेबाचं कुत्रं! पेन्शनीसाठी मॅच सोडली!" त्याच शब्दांत, त्याच चालीवर. दोनशे गळे. मष्णूला वाटलं, आपलीच जीभ त्या सगळ्यांच्या तोंडात आहे. एक ढेकूळ उडालं आणि भरमाच्या कोटावर फुटलं. मग एक दगड. तो कानाच्या वर लागला. भरमा खाली बसला, हात तरीही पाठीमागंच.

मष्णू मैदानात धावला. चालू खेळातनं, रेफ्रीला ढकलून, तो मध्यावर जाऊन लोकांकडं तोंड करून उभा राहिला.

"आरं ए!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज कुठवर जातो हे त्या दिवशी खासबागच्या लोकांनाही कळलं. "सोडली म्हनून पयल्यांदा म्या बोललो! म्या! आन् खोटं बोललो! मला काय ठावं नव्हतं! शाम्याला बसीवला म्हनून राग आलता, म्हनून बोललो! आता मारायचं तर मला मारा, भडव्यांनो!"

मग दाढीवाला पुढं आला. "आत्ता सांगतोयस व्हय रं? त्येनं किती दिलं तुला?"

मष्णूनं त्याच्या तोंडात मारली. त्यानंतर कुणी कुणाला मारलं याचा हिशेब राहिला नाही. मष्णूला आठवलं ते एवढंच, की भावकूचा गुडघा त्याच्या छातीवर होता आणि भावकू रडत रडत त्याला मारत होता. खासबागच्या लोकांनी भरमाला मधे घेऊन रान सोडलं. रेफ्रीनं मॅच रद्द केली. गोपाळ मास्तर तिथूनच शहराच्या वाटेला लागले आणि परत आले नाहीत.

दिवस मावळायला आला तेव्हा मष्णू फुटलेला ओठ घेऊन विहिरीवर गेला. तिथं शामू काठावर बसून पायाच्या अंगठ्यावर पाणी ओतत होता. गोल मारताना अंगठ्याचं नख निम्मं उपटलं होतं.

"बगू," मष्णू म्हणाला.

"हात लावू नगंस." शामूनं पाय मागं घेतला. "मॅच रद्द. म्हंजे गोलबी रद्द. माज्या आयुष्यातला सगळ्यात झ्याक गोल, अण्णा, आन् तू मधी येऊन हुबा ऱ्हायलास."

"वस्तादाला दगड लागला हुता."

"ते म्या बघितलं. आन् त्येच्या आदी काय झालं ते तू बघितलंस काय? गोल झाल्यावर त्येनं मान डोलावली. त्येच्या टीमवर झाला तरी. मैदानात फकस्त त्येनं बघितला माजा गोल. बाकी समदी तुमी आरडत हुतासा."

मष्णू विहिरीच्या दगडावर बसला. भावाची माफी मागायची चाल त्या घरात नव्हती.

"म्या उद्यापासनं खासबागला जाणार," शामू म्हणाला. "खेळाय. ईचारलंय त्येंनी."

मष्णू ताडकन उठला. छातीतला राग जसाच्या तसा होता, एक कणही कमी झाला नव्हता. गावचा गडी खासबागकडनं खेळणार? त्याचा सख्खा भाऊ? उद्या लोक काय म्हणतील ते त्याला शब्दाशब्दानं माहीत होतं. तोंड उघडलं त्यानं. ओठ ताणला तसं पुन्हा रक्त आलं, खारट. त्यानं ते थुंकलं आणि पाठ फिरवून तो गोठ्याकडं चालायला लागला.

बैलांना पाणी दाखवलं, शेण काढलं, दावं आवळलं. मग गोठ्याच्या दारातनं, शामूकडं न बघता, म्हणाला,

"त्या अंगठ्याला हळद लाव. आन् वस्तादाला सांग, डोकं धुतल्याबिगर झोपू नगा म्हनावं. दगडाची जखम वंगाळ आसती."

"तूच सांग जाऊन."

मष्णूनं चौकटीतनं बाहेर बघितलं. खालच्या गल्लीत यशोदाबाईच्या अंगणात दिवा लागलेला दिसत होता. त्यानं डोक्याला टापर गुंडाळलं आणि तो शिव्या पुटपुटत त्या वाटेला लागला.